मेहकरचं सोरपोतेल

सोरपोतेल, म्हणजे आमचं डुकराचं आंबट-तिखट कालवण, एका माणसासाठी करता येत नाही. आमच्या वसईकडे ते लग्नाला नाहीतर नाताळाला, निदान पंधरा-वीस पानांसाठी शिजतं, आणि आईच्या हाताला दुसरं मापच ठाऊक नव्हतं. मी शिकले ते त्याच मापाने. म्हणून मेहकरला नर्स होऊन गेल्यावर पहिल्याच नाताळात मी एकटीने पातेलंभर सोरपोतेल केलं. पुढे जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात माझं काही चांगलं दिसत नाही.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. फिरंगी आमच्याकडून जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली, पण चुलीवरून ते अजून उठलेले नाहीत. डुकराचं मांस लसूण आणि ताडीच्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, मुरवून विंदालू करायचं, तिसऱ्या-कोळंबीला मिरची शिरक्यातच वाटून लावायची, आणि वर्षाचा मसाला कुटून रंगीत बाटल्यांत ठासून भरायचा. घरात तांदूळ संपले तर शेजारून आणता येतात, शिरका संपला तर बाईची अब्रू जाते, असं आमच्या बायका एकमेकींना चिडवतात. मी मेहकरला निघाले तेव्हा आईने ट्रंकेत दोन बाटल्या शिरका आणि तीन बाटल्या मसाला दिला. दारूबंदीचे दिवस होते. खामगावच्या स्टँडवर एका हवालदाराने शिरक्याची बाटली उघडून हुंगली आणि असा काही मागे सरला की मला बाटली जपून न्या असं त्यानेच बजावलं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कोकणातल्या पोरी वऱ्हाडात आणि वऱ्हाडातले मास्तर कोकणात, अशा बदल्यांची सुरुवात होती. दवाखान्यात राहायची सोय नव्हती. पहिला दीड महिना मी बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या बाकावर झोपले. पेशंट आला की उठायचं, गेला की पडायचं. गावात खोली विचारायला गेलं की लोक आधी कपाळ बघायचे. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, आणि नाव विचारलं की पुढचं बोलणंच खुंटायचं. शेवटी एका माळ्याच्या घरी मागच्या अंगाला खोली मिळाली. घरमालकीण विधवा, पन्नाशीची, कणखर. मुलगा भाजीचा मळा बघायचा, सून नवी होती. घरमालकिणीने अटी घातल्या त्या अशा: "मटन-मच्छी चालते. मोठ्याचं नाही अन् डुकराचं नाही. विहिरीवर आमची बालटी नाही घ्यायची. मंजूर असंन तं राहा."

मी हो म्हटलं. त्या बाकावर परत झोपायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. पुढच्या सगळ्यात ही भीती लक्षात ठेवावी लागेल. ती काही निमित्त म्हणून सांगत नाही, पण ती होती.

खोलीचं म्हणाल तर, एका लांब पडवीची मधे भिंत घालून दोन खोल्या केलेल्या. भिंत माणसाच्या डोक्याइतकीच उंच, आणि वर दोन्हींवर मिळून एकच टिनाचं छप्पर. पलीकडची खोली रिकामी होती. संध्याकाळी कंदील लावून मी चुलीपुढे बसायची तेव्हा माझ्या भांड्याचा आवाज पलीकडे जाऊन परत यायचा.

एकटं राहणं मला जमलं असतं. एकटं जेवणं जमेना. आमच्या घरी उशिरा आलेल्या माणसाला कुणी एकट्याने जेवू देत नसे. जेवण झालेलं असलं तरी कुणीतरी समोर पाट घेऊन बसायचं, पापड मोडत गप्पा मारायचं. मेहकरला मी ताट वाढायची आणि ते नुसतं बघत बसायची. कितीदा तर उभ्यानेच खाल्लं. चर्च गाठायचं तर एक दिवस एसटीत घालवावा लागे, म्हणून रविवारही उरला नव्हता. समुद्र नसलेल्या गावात माणूस इतकं रडू शकतं हे मला माहीत नव्हतं.

जीभ मात्र गप्प बसत नाही. एकदा पैनगंगेच्या पात्रात शिंपले दिसले. मला वाटलं, तिसऱ्यांची बहीण नाही तर मावसबहीण तरी असेल. ओटीत भरून आणले, रात्रभर पाण्यात ठेवले, लसूण-शिरक्याचं वाटण केलं, सगळं रीतीने. तोंडात घातले तर नुसता चिखल. घरमालकीण दारातून बघत होती. "हे तं लेकरं खेळतात, नर्सबाई," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. आठवडी बाजारात मग मला सुके झिंगे सापडले. कोळंबीला इकडे झिंगे म्हणतात. ते बोटाच्या पेराएवढे होते, पण शिरक्याला त्यांनी ओळख दिली.

दिवाळीच्या आधी मुलींच्या शाळेत नवीन मास्तरीणबाई आल्या. देऊळघाटच्या बाजूच्या. माझ्याच वयाच्या, सडसडीत, पांढरं पातळ चापूनचोपून नेसलेल्या. दवाखान्यात शाळेच्या मुलींना देवी टोचायला घेऊन आल्या तेव्हा ओळख झाली. त्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. खोली मिळत नव्हती. "नाव सांगेपर्यंत खोली खाली असते, शिस्टर," त्या म्हणाल्या, "नाव सांगतलं का भाच्याले देल्ली असते." त्यांच्या घरच्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता, आणि ते त्या कुठेही लपवत नव्हत्या.

मी घरमालकिणीपाशी शब्द टाकला. आठ दिवस तिच्या मागे लागले. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या भरवशावर देऊन राह्यली, नर्सबाई." मास्तरीणबाई पलीकडच्या खोलीत आल्या आणि मला फार अभिमान वाटला. इतका, की त्यांच्यावर आपला काही हक्क झाला आहे असंच मी धरून चालले.

ते दोन महिने मात्र खरंच सुखाचे गेले. पहिल्या संध्याकाळी मी झिंग्यांचं कालवण केलं होतं. भिंतीवरून आवाज आला, "शिस्टर, काय टाकलं जी त्याच्यात? मह्या डोयाले पानी आलं." मी वाटी नेऊन दिली. त्यांनी ज्वारीच्या भाकरीशी ती पुसून खाल्ली आणि आंबट झालं आहे पण वाईट नाही असा निकाल दिला. तेव्हापासून आम्ही एकत्र जेवू लागलो. त्यांची भाकरी, माझं कालवण. त्या ठेचा असा करायच्या की माझ्या कानातून धूर निघायचा, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्या हसायच्या. जेवताना त्या शाळेतल्या गमती सांगत, मी दवाखान्यातल्या. घरचं पत्र आलं तर मी त्यांना वाचून दाखवायची. माणूस माणसाशी जेवतं तेवढंच, पण मला त्याने जगवलं. खोली जाईल ही भीती तर होतीच, आता ही सोबत जाईल ही दुसरी भीती आली.

नाताळ जवळ आला. गावाबाहेर डुकरं पाळणाऱ्यांची वस्ती होती, तिथल्या एका बाईचं अडलेलं बाळंतपण मी पावसाळ्यात केलं होतं. ती अधूनमधून विचारायची, काही पायजे का. मी एकदा हळूच सांगितलं. नाताळाच्या चार दिवस आधी, उजाडता उजाडता, ती मागच्या गल्लीने पळसाच्या पानांत बांधलेलं मांस घेऊन आली. काळीज, चरबी सगळं नीट वेगळं बांधलेलं. मी तिला आत ये म्हटलं नाही. दारातूनच घेतलं आणि दार लावलं.

सोरपोतेल म्हणजे घाईचं काम नव्हे. मांस आधी मोठे तुकडे करून उकडायचं. थंड झालं की चण्याएवढे बारीक तुकडे करायचे, आणि तिथे आळस केला तर ते सोरपोतेल राहत नाही, नुसती भाजी होते. मग ते त्याच्याच चरबीत परतायचं. काळीज वेगळं परतायचं. जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं, लसूण आणि सुक्या मिरच्या शिरक्यात वाटायच्या, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. सगळं एकत्र शिजलं की झाकून ठेवायचं. त्या दिवशी खायचं नाही. रोज एकदा मंद आचेवर उकळी आणायची, पुन्हा झाकायचं. तीन दिवसांत शिरका आणि चरबी एकमेकांशी भांडून थकतात आणि नांदायला लागतात. चवथ्या दिवशी पान वाढायचं.

वास बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडकी घट्ट लावली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. स्वतःवर खूश होते. भिंत डोक्याएवढीच आहे आणि वर सगळं मोकळं आहे, हे त्या शहाणपणात माझ्या डोक्यातच आलं नाही. वास सरळ पलीकडे गेला आणि मास्तरीणबाईंच्या उघड्या खिडकीतून अंगणात उतरला. तीन दिवस, रोज एकदा.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरीणबाईंना नाताळाचं जेवायला बोलावलं. काय केलं आहे तेही सांगितलं. त्या उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. हात थांबला.

"मलेच काऊन बलावलं, शिस्टर? डॉक्टरसायबाले नाही बलावलं. घरमालकिनीले नाही."

मी म्हणायला हवं होतं, तुमच्याशिवाय माझं इथे कोण आहे? तेच खरं होतं. पण त्याच्या आधी दुसरंच तोंडातून गेलं. "तुमच्यात चालत असेल असं वाटलं."

त्यांनी सुई अभ्र्यात खोवली. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात डुक्कर कोनी खात नव्हतं. पयलेबी नाही. जे खात होतो तेबी आमी सोडलं. तुमाले कोनं सांगतलं आमी खातो म्हून?"

"कोणी नाही," मी म्हटलं. खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मला कुणी सांगावं लागलंच नव्हतं. गावात माझं कपाळ बघणाऱ्यांवर मी किती चिडायची, आणि मीही त्यांचं नाव ऐकून त्यांचं ताट ठरवून टाकलं होतं.

मला वाटलं, झालं, संपलं. पण नाताळाच्या दुपारी त्या आल्या. हातात दुरडी, तिच्यात दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. "सनाच्या दिवशी एकटं नाही जेवू," त्या म्हणाल्या. "तुमी तुमचं खा. मी माही भाकर आनली."

सोरपोतेलाबरोबर आम्ही फुगे खातो, ताडीने पीठ फुगवून तळलेले; ते त्या वर्षी फुगलेच नव्हते, ताडी कुठून आणणार, म्हणून मीही भाकरीशीच सोरपोतेल खाल्लं. आईसारखं झालं होतं. त्या समोर बसून आपली भाजी खात होत्या आणि वसईच्या नाताळाबद्दल एकेक विचारत होत्या. गाणी कोणती म्हणतात, नवे कपडे करतात का, दिवे लावतात का. मला घरच्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्यांनी मला माफ केलं म्हणून मी तो प्रश्नच विसरून गेले. माझ्यावर केलेला उपकार मी सणाच्या जेवणाबरोबर पचवून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर घरमालकीण मास्तरीणबाईंच्या दारात उभी होती. मागे सून, पोटावर हात ठेवून. सहावा महिना होता. कुंपणापलीकडे गल्लीतल्या दोन-तीन बायका.

"तीन दिवस झाले, तुमच्या खिडकीतून वास येऊन राह्यला," घरमालकीण म्हणत होती. "अन् ते डुकरंवाली सकायी सकायी गल्लीत कोनासाठी आली होती, हे काय आमाले समजत नाही? कपडे पांढरे घातले म्हून मानसाची सवय जाते का? आठ दिवसांत खोली खाली करा."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझ्या उंबऱ्यापासून त्यांचा उंबरा चार पावलांवर होता. माझ्या हातात बालदी होती, ती खाली ठेवून "मावशी, पातेलं माझं आहे" एवढे चार शब्द म्हणायचे होते. मला ते बाक दिसलं. बाळंतिणींच्या किंकाळ्या, फिनेलचा वास, डोक्याखाली घडी केलेला एप्रन. मी वाट बघत होते की त्याच सांगतील. त्यांनी सांगितलं असतं तर मी नाकारलं नसतं, असं मी स्वतःला कितीदा समजावलं आहे. त्या घरमालकिणीला "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मीही आत गेले. पाणी हिंदकळून पायावर सांडलं होतं.

ते आठ दिवस मी भिंतीअलीकडे चोरासारखी राहिले. त्या पलीकडे होत्या. भांडं ठेवल्याचा आवाज यायचा, वही उलटल्याचा यायचा. रोज संध्याकाळी मी ठरवायची, आज जाऊन सांगायचं. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आधी त्यांना की आधी घरमालकिणीला? नुसती माफी मागून खोली आपल्याकडेच ठेवायची, हे किती हलकट दिसेल? असे प्रश्न घोळवत बसलं की एक दिवस आरामात निघून जातो. सोरपोतेल अर्धं उरलं होतं. सणाचं पातेलं टाकायचं नाही ही आईची शिस्त, म्हणून रोज थोडं खायची. उकळी आणायची हिंमत नव्हती, गारच खायची. त्याला कसली चव होती ते मला आठवत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर असताना त्या गेल्या. परत आले तर पलीकडची खोली झाडून स्वच्छ केलेली होती.

चैत्रात सुनेला मुलगा झाला. पायाळू होता, अख्खी रात्र लागली, पण मी दोघांना वाचवलं. बाराव्या दिवशी घरमालकिणीने मला पाटावर बसवून खण-नारळ दिला. "तुमी नसत्या तं आज काय झालं असतं," म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला ते सहन होईना. मी खण बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. डुकराचं मांस मी शिजवलं होतं. बाईंचा काही संबंध नव्हता. खोली सोडायला सांगितलंत तर आज सोडते.

मग तिने तो खण उचलून परत माझ्या ओटीत घातला.

"मले मालूम हाय, नर्सबाई. तवाच मालूम होतं. आमाले काय नाक नाही का? तुमच्या दाराशी गेली का वास जास्त येत होता."

"मग त्यांना का काढलं?"

"गल्लीनं वास घेतला होता. कोनाले तरी काढाच लागत होतं. सुनेले सहावा लागला होता, तुमाले कशी काढू?" आणि बाळाला मांडीवर घेत ती म्हणाली, "ते बाई काही वाईट नव्हती, हो."

इतके दिवस मी मनातल्या मनात घरमालकिणीला घाबरत होते, आणि तिला माझी गरज होती. मी तोंड उघडलं असतं तर माझी खोली जाणारच नव्हती. कदाचित दोघींच्याही राहिल्या असत्या. हे समजलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मास्तरीणबाईंची बदली वडनेर भोलजीला झाली आहे एवढं शाळेतून कळलं होतं. एका रविवारी मी एसटीने खामगाव, तिथून नांदुरा, तिथून वडनेर अशी गेले. पोचायला दुपार झाली. त्या शाळेच्या ओट्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, चहा टाकला. बारीक झाल्या होत्या. मी कप हातात धरून सगळं सांगितलं. भीतीचं सांगितलं, बाकाचं सांगितलं, घरमालकीण काय म्हणाली तेही सांगितलं. मध्येच रडलेही. मला वाटतं, त्यांनी आता मला समजावावं अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घरमालकिनीनं मले दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "का नर्सबाईचं काम हाय, पन मह्या हातात काही नाही. अन् खोलीचं म्हनसान तं, मले त्याच दिवशी दुसरी भेटली होती. आमच्याच मानसात."

"मग आठ दिवस तिथे का राहिलात?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडली, लाल पेन्सिलीने एक ओळ तपासली आणि पान उलटलं.

"तुमी येसान म्हून," त्या म्हणाल्या.

परतीची गाडी साडेतीनला होती. त्या स्टँडवर सोडायला आल्या नाहीत. वह्या बऱ्याच उरल्या होत्या म्हणाल्या, आणि त्या खरंच बऱ्याच होत्या.